स्लिपर क्लच

स्लिपर क्लच : एंजिनाकडून मागच्या चाकाकडे जाणारे परिबल (फिरविण्याचा जोर) पूर्णपणे पोहोचविणारा, परंतु चाकाकडून एंजिनाकडे उलट येणारे परिबल ठराविक मर्यादेपलीकडे जाताच आपोआप घसरणारा मोटारसायकलीचा क्लच. नेहमीचा क्लच दोन्ही दिशांना जवळजवळ सारखीच पकड ठेवतो [→ क्लच]. स्लिपर क्लचची पकड मात्र दिशेनुसार बदलते. शर्यतीच्या गाड्यांसाठी योजलेली ही रचना सु. तीस वर्षांत मध्यम किंमतीच्या गाड्यांपर्यंत पोहोचली. या काळात तिचा उद्देश बदलला नाही. क्लच केव्हा व किती घसरावा हे ठरविण्याची साधने मात्र बदलत गेली.

गरज : थ्रॉटल बंद केल्यावर एंजिन शक्ती देण्याऐवजी चाकाकडून ती घेऊ लागते व गाडीचा वेग कमी होतो. वळणाच्या तोंडाशी स्वार पुढचा ब्रेक जोराने दाबतो, तेव्हा गाडीचा बराचसा भार पुढच्या चाकावर जातो आणि मागचे चाक जमिनीला हलकेच टेकलेले राहते. त्याच वेळी खालचा गिअर टाकल्यास एंजिनाचा रोध गिअरच्या प्रमाणात वाढून चाकावर येतो. टायर क्षणभर अडकतो, घसरतो व पुन्हा पकड घेतो. हे वारंवार घडल्याने मागचे चाक उड्या मारू लागते. गाडी कललेली असेल, तर ती पडण्याचा धोका असतो. यावर पूर्वी दोन उपाय होते : गिअर टाकताना थ्रॉटल किंचित उघडून एंजिनाचे फेरे वाढविणे आणि क्लचचा दांडा सावकाश सोडणे. दोन्ही उपाय स्वाराच्या हाताच्या कौशल्यावर अवलंबून होते.

आरंभ : टू-स्ट्रोक एंजिनाचा रोध कमी असल्याने १९७०–८० या दशकातील ५०० घ. सेंमी. वर्गाच्या शर्यतींत हा प्रश्न फारसा तीव्र नव्हता. या वर्गात होंडा कंपनीने १९७९ मध्ये ‘एनआर ५००’ ही फोर-स्ट्रोक गाडी उतरविली. तिच्या चार सिलिंडरांच्या एंजिनात लांबट आकाराचे दट्टे व ३२ झडपा होत्या. अतिशय वेगाने फिरणाऱ्या या एंजिनाचा रोध तीव्र असल्याने उलटे परिबल मर्यादित करणारा क्लच तिला बसवावा लागला. ऑगस्ट १९७९ मध्ये सिल्व्हरस्टोन (इंग्लंड) येथील पहिल्याच शर्यतीत तिच्या दोन्ही गाड्या शर्यत पूर्ण करू शकल्या नाहीत. गाडी अपयशी ठरली, तरी क्लचची कल्पना टिकली. १९८३ च्या ‘व्हीएफ ७५० एफ’ या रस्त्यावरील गाडीत होंडाने एकदिश क्लचची योजना केली. तीत एंजिन चाक फिरवीत असताना सर्व चकत्या काम करीत. उलट्या परिबलाच्या वेळी काही चकत्या मोकळ्या होऊन उरलेल्या थोड्या चकत्यांवर जोर येई व त्या घसरत. घसरण्याची मर्यादा येथे कारखान्यातच ठरलेली होती.

विकास : १९८८ मध्ये सुरू झालेल्या जागतिक सुपरबाइक स्पर्धेत मोठ्या दोन सिलिंडरी फोर-स्ट्रोक गाड्यांना महत्त्व आले व स्लिपर क्लचची गरज वाढली. एप्रिलिया कंपनीच्या ‘आरएसव्ही मिले’ (१९९८) या गाडीत थ्रॉटल बंद होताच आदान नळीत निर्माण होणाऱ्या निर्वाताने एक पडदा ओढला जाई व स्प्रिंगांचा दाब हलका होई. पुढे उतरणींची रचना अधिक रूढ झाली. हिच्यात क्लचचा आतील तुंबा दोन भागांचा असून त्यांच्यामध्ये तिरप्या उतरणी, काही प्रकारांत पोलादी गोळ्याही, असतात. चाक एंजिनाला ओढू लागले की एक भाग उतरणीवर चढतो आणि दाबपट्टी उचलली जाऊन चकत्या सैल होतात. २००२ पासून जागतिक स्पर्धेच्या सर्वोच्च वर्गात ९९० घ. सेंमी. पर्यंतची फोर-स्ट्रोक एंजिने आल्यावर हा प्रकार तेथे आवश्यकच ठरला. कावासाकी झेडएक्स-१०आर (२००४), सुझुकी जीएसएक्स-आर १००० (२००५) व यामाहा आर ६ (२००६) या विक्रीच्या गाड्यांतही स्लिपर क्लच आला.

जोडणी व समायोजन : उतरणींच्या क्लचमुळे घसरण्याची मर्यादा कारागिराच्या हाती आली. नव्या घर्षण-चकत्या बसविण्यापूर्वी एंजिन-तेलात भिजवून ठेवतात. नंतर घर्षण-चकत्या व पोलादी चकत्या एकाआड एक रचून संपूर्ण थप्पीची उंची व्हर्निअर मापकाने मोजतात. दाबपट्टीला उचलण्यास किती वाव राहतो हे या उंचीवर अवलंबून असल्याने, ती निर्मात्याने दिलेल्या मापाबाहेर असल्यास वेगळ्या जाडीच्या पोलादी चकत्या घालून ती सुधारतात. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने व ठरलेल्या परिबलानेच आवळतात. शेवटी दांड्याची मोकळीक तपासतात. ती मुळीच न राहिल्यास क्लच वेग वाढवितानाही घसरतो व चकत्या जळतात.

खरे समायोजन स्प्रिंगांच्या निवडीत असते. ताठ स्प्रिंगांनी एंजिनाचा रोध अधिक शिल्लक राहतो; मऊ स्प्रिंगांनी चाक मोकळे फिरते. चाक अधिक मोकळे केल्याने गाडी अधिक सुरक्षित होतेच असे नाही. रोध फारच कमी झाल्यास गाडी वळणात अपेक्षेपेक्षा वेगाने शिरते व सारा भार ब्रेकवर पडतो. तो फार राहिल्यास चाक पुन्हा उड्या मारते. म्हणून एका मर्यादेत काही रोध हेतुतः राखतात. क्लच घसरत असताना काही रचनांत दांडा हाताला किंचित हालताना जाणवतो. हा दोष नव्हे.

प्रसार : उतरणींचीच दुसरी जोडी उलट दिशेने योजून, एंजिन जोर देत असता चकत्या अधिक घट्ट आवळल्या जातील, अशी रचना पुढे करण्यात आली. तीत मऊ स्प्रिंगा पुरत असल्याने दांडाही हलका झाला. एफसीसी या जपानी कंपनीचा असा क्लच कावासाकी निन्जा ३०० (२०१२) या गाडीत आला. पुण्याजवळील चाकण येथे तयार होणाऱ्या बजाज डॉमिनार ४०० (२०१६) मध्ये व भारतात २०१८ साली आलेल्या १५५ घ. सेंमी. च्या यामाहा आर १५ मध्येही स्लिपर क्लच देण्यात आला. शहरी गर्दीत दांडा वारंवार दाबावा लागणाऱ्या स्वारास शर्यतीच्या गुणापेक्षा हा हलकेपणाच अधिक उपयोगी ठरला.

डुकाटी ११९९ पानिगाले (२०१२) सारख्या गाड्यांत थ्रॉटल किंचित उघडा ठेवून एंजिनाचा रोध इलेक्ट्रॉनिक रीतीने नियंत्रित करण्यात आला. तथापि त्याच गाडीत स्लिपर क्लचही होता. चाकाकडून अचानक येणारा धक्का जागच्या जागी व कोणत्याही संकेताविना शोषण्याचे काम क्लचच करतो. उलटे परिबल तो पूर्णपणे पोहोचवीत नसल्यामुळे बॅटरी उतरलेली अशी गाडी ढकलून सुरू करणे मात्र अवघड जाते.