आपल्या आरोग्याचा अभ्यास आपणच का करायचा? जामखेड, गडचिरोली आणि राजूर

एकाच तालुक्यात एका गावाला दवाखाना हाकेच्या अंतरावर असतो, तर दुसऱ्या पाड्यावरून बाळंतिणीला तिथवर आणताना अर्धा दिवस जातो. एकाच गावात एका आळीतल्या सगळ्या मुलांना लस मिळते, शेजारच्या मोहल्ल्यात काहींची राहून जाते. याला आरोग्यातील विषमता म्हणतात. ती कमी करण्यासाठी स्थानिक लोकांनीच प्रश्न ठरवायचे, माहिती गोळा करायची आणि उपायही ठरवायचे, या पद्धतीला लोकसहभागी आरोग्य संशोधन म्हणतात. डॉक्टर आणि अभ्यासक सोबत असतात, पण निर्णयात गावाचा वाटा असतो.

जामखेड : आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली दुष्काळी जामखेडमध्ये काम सुरू केलं. गावागावांतून महिला निवडून त्यांना आरोग्यसेविका केलं. त्यांपैकी अनेकजणी निरक्षर आणि दलित समाजातल्या होत्या. मुलांचं वजन घेणं, बाळंतपणाची काळजी, जन्म-मृत्यूची नोंद ही कामं त्या करू लागल्या. शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं पाहणीत उतरली. प्रकल्पाच्या नोंदींनुसार 1971 साली हजार जिवंत जन्मांमागे 176 बालकं पहिल्या वर्षातच दगावत होती. 1976 मध्ये हा आकडा 52 वर आला. आरोळे दांपत्याला 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोली : आधी मोजणी, मग उपाय

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. नवजात बाळं का दगावतात हे शोधताना त्यांनी 39 गावांत गावातल्याच महिलांना शिकवून घरोघरी बाळांची काळजी सुरू केली आणि 47 गावांशी तुलना केली. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी कमी झाल्याचं 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. पुढे 2011 पासून केंद्र सरकारने आशांमार्फत ही पद्धत देशभर नेली. आज आशाताई बाळ पाहायला घरी येते, त्यामागे हा अभ्यासही आहे.

मोहल्ल्याशी याचा संबंध काय?

नोव्हेंबर 2022 मध्ये मुंबईच्या गोवंडीत आणि नंतर भिवंडी, मालेगावात गोवरची साथ आली. बाधितांत लस न घेतलेली मुलं मोठ्या संख्येने होती. अशा वेळी 'हा समाज लसच घेत नाही' असं बोलून लोक मोकळे होतात. पण घरोघरी विचारलं तर कारणं वेगवेगळी निघू शकतात : मागच्या लसीनंतर ताप आला, रोजंदारी बुडते, त्या दिवशी गावी गेलो होतो, कुणी समजावूनच सांगितलं नाही. प्रत्येक कारणाला उपाय वेगळा. आणि खरं कारण परक्या माणसापेक्षा मोहल्ल्यातल्या आपाला किंवा खालाजानला लवकर सांगितलं जातं. बायकांच्या आजाराबद्दल तर हे जास्तच लागू आहे.

राजूरमध्ये सुरुवात कशी करता येईल?

राजूर हे अकोले तालुक्यातलं, भंडारदऱ्याच्या वाटेवरचं बाजाराचं गाव. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालयही इथेच. भोवताली महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या-वस्त्या आहेत. त्यामुळे अभ्यास फक्त आपल्या मोहल्ल्यापुरता ठेवला तर चित्र अर्धवट राहील; शेजाऱ्यांना सोबत घ्यायलाच हवं.

1. एकच प्रश्न निवडा. उदा. दोन वर्षांखालील किती मुलांची लस राहिली आणि का?
2. आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या भगिनी आणि मशिदीचे जबाबदार यांची बैठक घ्या. जुम्याच्या नमाजनंतर सगळ्यांना माहिती देता येते.
3. प्रश्न घरात बोलली जाते त्या भाषेत विचारा. भात लावणीच्या दिवसांत घरं बंद असतात, तो काळ टाळा.
4. आधी परवानगी घ्या. नाही म्हणणाऱ्यावर दबाव नको. कुणाचा आजार चारचौघांत उघड होता कामा नये; यादीत नावाऐवजी क्रमांक ठेवा.
5. मोजणी आणि प्रश्नावली आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. अभ्यास प्रसिद्ध करायचा असेल तर नैतिकता समितीची मंजुरी आधीच लागते.

यानंतरचा टप्पा अनेकदा राहून जातो. निघालेले आकडे ज्यांनी माहिती दिली त्यांना परत सांगायचे. मग तेच आकडे गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीपुढे आणि ग्रामसभेत मांडायचे, लसीकरणाचा वार किंवा जागा बदलून मागायची आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचं. आकडा सुधारला नसेल तर उपाय बदलायचा. महाराष्ट्रात 2007 पासून आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेखीचा उपक्रम राबवला गेला. त्यात गावकऱ्यांनी दवाखान्यांची प्रगतिपुस्तकं भरली आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना जाब विचारला. मोहल्ल्याच्या हातात स्वतः केलेली नोंद असेल, तर आपली मागणीही अशाच ठामपणे मांडता येईल.