वाघाचे पट्टे आणि भुंग्याचं नाव

२०२४ च्या डिसेंबरात आमच्या येडशीला वाघ आला. पुण्याहून भाच्याचा फोन, "मावशी, आता रामलिंगला एकटी जाऊ नकोस." या वयात मी एकटी कुठे जातेय! पण गावात दुसरा विषयच नव्हता. हा वाघ यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आला, हे वनखात्याला कळलं कसं? तर अंगावरच्या पट्ट्यांवरून. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, आणि याचे फोटो टिपेश्वरच्या दप्तरात आधीच होते. नोंद होती म्हणून ओळख पटली.

मंडळी, मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे माझं लक्ष वाघापेक्षा त्या दप्तरातच अडकलं. आणि आठवला १९८४ सालच्या सहलीतला एक मुलगा.

आम्ही सातवीची मुलं घेऊन रामलिंगला गेलो होतो. तेव्हा ते अभयारण्य नव्हतं. ते झालं १९९७ साली, सुमारे २२ चौरस किलोमीटरचं. या मुलाने काडेपेटीत एक हिरवट चमकणारा किडा धरून आणला. "बाई, याचं नाव काय?" मी म्हटलं, "भुंगा." तो तसाच उभा. मग म्हणाला, "बाई, मघाच्या काळ्यालाही तुम्ही भुंगाच म्हणालात." मुलं हसली. मी त्याला रांगेत जायला सांगितलं आणि काडेपेटी फेकायला लावली. आजही ते आठवलं की बरं वाटत नाही. मला नाव माहीत नव्हतं, एवढं म्हणायला काय हरकत होती?

आपल्याकडे नावं नव्हती असं नाही. माझ्या आजीकडे कितीतरी होती: नाकतोडा, चतुर, हुमणी, मुंगळा, गांधीलमाशी, कुंभारीण, रातकिडा, सोनपाखरू. मृग लागला की निघणारा लाल मखमली मृगाचा किडाही त्यात आलाच. (त्याला पाय आठ, म्हणजे तो कीटकच नव्हे, हे मला निवृत्तीनंतर कळलं!) पण ही नावं शेतात आणि घरात ज्याच्याशी गाठ पडते त्याची. जंगलात पानाआड जगतात त्या हजारोंना आजी "किडूकमिडूक" म्हणायची.

जगभर चालतील अशी नावं द्यायची पद्धत प्राण्यांसाठी १७५८ पासून मोजतात. स्वीडनच्या लिनियसने त्या वर्षीच्या आपल्या ग्रंथात प्रत्येक प्राण्याला दोन शब्दी नाव दिलं. दख्खनमध्ये हे काम करणाऱ्यांत कर्नल साइक्स फार मजेदार माणूस. १८२४ साली एल्फिन्स्टनने त्याला मुंबई इलाख्याच्या दख्खन मुलखाची माहिती गोळा करायला नेमलं. लोकसंख्या, शेतसारा मोजता मोजता तो पक्षी, मासे आणि मुंग्याही मोजत बसला. १८३५ साली त्याचा मुंग्यांवरचा लेख लंडनमध्ये छापला गेला. त्याच्या घरी गोड पदार्थांच्या टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले असत (आपल्या आयाही दुधाचं पातेलं परातीतल्या पाण्यात ठेवायच्या की!). तर मुंग्या भिंतीवर चढल्या आणि वरून नेमक्या टेबलावर पडू लागल्या. त्या जातीच्या नावात त्याने 'न थकणारी' या अर्थाचा लॅटिन शब्द घातला. दुसरी एक मुंगी पावसात भिजलेलं गवताचं बी वारुळाबाहेर आणून वाळवताना त्याला दिसली. तिला नाव दिलं 'पुढचं पाहणारी'. पुढे शास्त्रज्ञांनी त्या मुंगीचं कूळ बदललं, पण साइक्सने दिलेला शब्द तिच्या नावात अजून आहे. आमच्या गावाचंही २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेव्हा नाव बदलल्याने माणूस हरवत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. फक्त जुन्या-नव्या नावांची नोंद नीट हवी. असो. साइक्स फिरला तो इंग्रजी मुलूख. आम्ही तेव्हा निजामाकडे.

१९१६ साली भारतीय प्राणी सर्वेक्षण ही सरकारी संस्था कोलकात्यात निघाली. काम तेच: किडा पकडा, टाचणीला लावा, भिंगाखाली पाय, पंख, मिशा पाहा, जुन्या ग्रंथांशी ताडा. एका माणसाचं आयुष्य एका कुळात संपायचं. जगात आजवर सुमारे १० लाख कीटकांना नावं मिळाली आहेत, आणि बिननावाचे त्याहून कितीतरी जास्त असावेत असं जाणकार मानतात.

मग आलं २००३. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातले पॉल हिबर्ट यांनी मांडलं की दुकानातल्या वस्तूवर काळ्या रेघांचा बारकोड असतो, तसा प्रत्येक जीवाच्या पेशीतही सापडेल. त्यांनी एक जनुक निवडला. तो मायटोकॉन्ड्रियात असतो, म्हणजे साधारणपणे आईकडूनच येतो. त्यातला सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचायचा. अक्षरं चारच, ए, सी, जी, टी. एका जातीत हा तुकडा जवळजवळ सारखा, दुसऱ्या जातीत वेगळा. किड्याचा एक पाय पुरतो. बाकीचा किडा जपून ठेवता येतो.

अभयारण्यासाठी हे का महत्त्वाचं? कोस्टारिकातल्या ग्वानाकास्ते या राखीव जंगलात डॅनियल जॅन्झेन आणि विनी हॉलवॉक्स हे दांपत्य वर्षानुवर्षं सुरवंट पाळून त्यांची फुलपाखरं होताना नोंदवत होतं. त्यातलं एकच समजलेलं एक फुलपाखरू म्हणजे प्रत्यक्षात १० जाती आहेत, असं २००४ साली बारकोडच्या आधाराने जाहीर झालं. दहा की त्याहून कमी, यावर पुढे वाद झाला. पण एक नाही, हे नक्की. आणि सुरवंट कुठल्या झाडाचा पाला खात होता ही नोंद वहीत नसती, तर नुसत्या अक्षरांवर कोणी एवढं बोललं असतं का?

कीटक पकडायला मालेझ यांचा तंबू लावतात. हाही स्वीडनचाच माणूस. उघड्या तंबूत शिरलेले कीटक वरच्या कोपऱ्यात जमतात हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून १९३०च्या दशकात त्यांनी जाळीचा तंबू करून वरच्या टोकाला बाटली लावली. आता असा तंबू आठवडाभर ठेवला की बाटलीत ढिगाने माश्या-चिलटं जमतात. एवढ्यांना एकेक भिंगाखाली बघणारी माणसं आणायची कुठून? तिथे बारकोड कामाला येतो. अभयारण्यात तो तंबू लावायला परवानगी लागते, आणि लागायलाच हवी.

हे सगळं परदेशातलंच आहे असं समजू नका. आमच्या मराठवाडा विद्यापीठात, छत्रपती संभाजीनगरला, याच पॉल हिबर्ट यांच्या नावाचं डीएनए बारकोडिंगचं केंद्र आहे. त्याच विद्यापीठाचा उपपरिसर आमच्या धाराशिवला आहे. तिथून येडशी कितीशी दूर! तंबू तिथे लागलेला मला पाहायचा आहे.

कारण नाव नसलं की काय होतं, ते शेतकऱ्याला विचारा. २०१८ साली कर्नाटकात मक्यावर एक अळी दिसली. आपल्याकडे लष्करी अळी जुनीच, पण ही अमेरिकेतून आलेली. शिवमोग्ग्याच्या शास्त्रज्ञांनी अंगावरच्या खुणा आणि डीएनए दोन्ही तपासून ते सांगितलं. त्याच वर्षी ती आमच्या शेजारच्या सोलापुरातही पोचली. ती लगेच ओळखता आली, कारण तिची अक्षरं दप्तरात होती, अगदी टिपेश्वरच्या वाघासारखी. ज्याची नोंदच नाही, त्याचा बारकोड वाचून फक्त "हा वेगळा आहे" एवढंच कळतं. त्याला नाव द्यायला शेवटी टाचणी, भिंग आणि डोळे शिणवणारं माणूसच लागतं. अशी माणसं तयार करायला पैसा कमी मिळतो आणि यंत्राला लगेच मिळतो, ही माझी जुनी तक्रार.

तो काडेपेटीवाला मुलगा आता पन्नाशीत आहे, सोयाबीन आणि तूर करतो. परवा त्याने व्हॉट्सॅपवर एक फोटो पाठवला. हिरवट, चमकणारा. खाली लिहिलं होतं, "बाई, हा कोणता?"

मी लिहिलं, "मला माहीत नाही. कुठल्या झाडावर होता, किती वाजता, आणि तारीख, एवढं आधी वहीत लिही. काडेपेटी फेकू नकोस."