ओकच्या राईचे राखणदार

धर्मसंप्रदायांचा इतिहास बहुधा वक्त्यांच्या नावांनी लिहिला जातो. कोणी कोणत्या साली कोणते प्रवचन केले आणि ते ऐकून किती जणांचे हृदयपरिवर्तन झाले, याच्या नोंदी आवर्जून ठेवल्या जातात. परंतु ते प्रवचन ज्या भूमीवर झाले ती कोणी झाडली, तेथील विहिरीचा गाळ कोणी उपसला, रात्री दिव्यात तेल कोणी घातले, आणि श्रोतृसमुदाय आपापल्या गावी परतल्यावर वर्षातील उरलेले महिने ती निर्जन जागा कोणी सांभाळली, याची विचारपूस करण्याची तसदी इतिहासकार क्वचितच घेतात. अमेरिकेतील प्रॉटेस्टंट पंथीयांच्या ‘कॅम्प-मीटिंग’ नामक वार्षिक मेळ्यांविषयी जे वाङ्मय निर्माण झाले, त्यालाही हा नियम लागू आहे. वस्तुतः या मेळ्यांचे जे काही टिकले त्याचे पुष्कळसे श्रेय त्यांच्या राखणदारांना द्यावे लागते, आणि जे बिघडले त्याचाही काही अंश त्यांच्याच पदरी घालावा लागतो.

इ. स. 1800 च्या जुलै महिन्यात केंटकी राज्यात गॅस्पर नदीच्या परिसरात जेम्स मॅक्ग्रेडी या प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकांनी भरविलेल्या सभेस दूरदूरचे वसाहतकरी गाड्यांत शिधा आणि अंथरूण-पांघरूण भरून, मुक्कामाच्याच तयारीने आले, आणि तेथून या प्रथेने मूळ धरले. पुढच्याच वर्षी, 1801 च्या ऑगस्टात, बार्टन स्टोन यांच्या केन रिज येथील मंडळीच्या परिसरात जो जनसागर लोटला त्याचे समकालीन अंदाज 10,000 पासून 25,000 पर्यंत आहेत. आणि त्या काळी राज्यातील सर्वांत मोठ्या लेक्सिंग्टन गावाची वस्तीदेखील 2,000 च्या आत होती, हे लक्षात घेतले म्हणजे या गर्दीचे स्वरूप ध्यानी येते. तेथे एकाच वेळी अनेक उपदेशक, कोणी झाडाच्या बुंध्यावर तर कोणी गाडीवर उभे राहून, प्रवचने करीत होते. बंदोबस्त असा कोणाचाच नव्हता. भक्तीच्या भरात माणसे मूर्च्छित पडत, आणि त्याच गर्दीच्या कडेला दारूची विक्री बिनदिक्कत चाले. उत्साह हा संप्रदायाचा प्राण असला तरी हजारो माणसांना पिण्याचे पाणी पुरविणे उत्साहाला साधत नाही, हा धडा प्रेस्बिटेरियनांनी या मेळ्यांकडे पाठ फिरवून घेतला, तर मेथडिस्टांनी त्यांची शिस्त बसवून घेतला.

बिशप फ्रान्सिस ॲस्बरी यांच्या प्रोत्साहनाने मेथडिस्टांनी ही पद्धती आपलीशी केली आणि अर्धशतकात तिचे एक रीतसर शास्त्रच बनविले. बी. डब्ल्यू. गोरम यांनी 1854 साली या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. जागा निवडताना झाडांची सावली आणि पाण्याची सोय कशी पाहावी, व्यासपीठ आणि बाके कशी मांडावी, तंबूंची रचना कशी असावी, असा तिचा विषय आहे. वरवर पाहता ग्रंथ धर्माचा, परंतु त्याची बरीच पाने एखाद्या छावणीच्या मुकादमाने लिहावी तशी वाटतात. मैदानाच्या ठिकठिकाणी खांबांवर उंच मंच बांधून, त्यांवर मातीचा थर पसरून, त्यावर पाइन वृक्षाच्या राळयुक्त गाठी रात्रभर जाळल्या जात. पहाटे शिंगाच्या नादाने सर्वांस उठवावे, प्रार्थनेच्या वेळा त्याच नादाने कळवाव्यात, प्रत्येक तंबूत रात्रभर दिवा तेवत ठेवावा आणि पहारेकऱ्यांनी गस्त घालावी, असे दंडक होते. अंधार हा पापाचा आणि चोराचा सारखाच सोबती असल्याने दिवे लावणाऱ्याचे काम नीतीच्या रक्षणाचेच मानले जाई. मेळ्याच्या आसपास ठराविक अंतराच्या आत मद्यविक्रीस मनाई करणारे कायदे अनेक राज्यांनी केले, तेव्हा तर या पहाऱ्याच्या पाठीशी सरकारचा हुकूमही उभा राहिला.

दक्षिणेकडील राज्यांत या व्यवस्थेचे एक कटू अंग होते, आणि ते झाकून ठेवणे न्यायाचे होणार नाही. तेथे जमीनदार कुटुंबे मेळ्यास येत तेव्हा सरपण फोडणे, पाणी वाहणे आणि रांधणे ही कामे त्यांच्या गुलामांकडे असत. आणि उपासनेच्या वेळी या माणसांनी बसावयाचे ते बहुधा व्यासपीठाच्या मागील बाजूस. मैदानाची खरी राखण ज्यांच्या श्रमांवर चाले त्यांची नावे कोणत्याही कारभाऱ्याच्या यादीत सापडत नाहीत. यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय मेथडिस्टांनी आपली स्वतंत्र मैदाने उभारली. नॉर्थ कॅरोलायनातील लिंकन परगण्यातील टकर्स ग्रोव्ह हे त्यांपैकी एक. तेथे सेवक आणि स्वामी हा भेद नाहीसा झाला, आणि ज्यांनी पूर्वी दुसऱ्यांच्या मैदानाची सेवा केली होती ते आता आपल्या स्वतःच्या मैदानाचे कारभारी झाले.

राखणदाराच्या पदाचा क्रमविकास जितका स्पष्ट मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यापलीकडील मार्थाज व्हिनयार्ड बेटावर दिसतो, तितका क्वचितच अन्यत्र दिसेल. एडगरटाउन हे त्या बेटावरील देवमाशांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध असलेले बंदर. तेथील दीपगृहावर 1828 साली जेरेमाया पीज यांची राखणदार म्हणून नेमणूक झाली होती. 1835 साली बेटाच्या उत्तर भागात, विल्यम बटलर यांच्या मालकीच्या ओकच्या राईत, पहिला मेळा भरला, तो पीज यांनीच ती जागा हेरली म्हणून. त्या वर्षी तंबू होते अवघे नऊ, आणि व्यासपीठ बांधले होते ते समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेल्या लाकडांचे. जहाजांना खडकांपासून वाचविण्यासाठी रात्रभर जागणारा मनुष्यच पापी जनांच्या छावणीचा व्यवस्थापक व्हावा, हा योगायोग उपदेशकांना रुचण्याजोगा होता. परंतु त्यात व्यावहारिक औचित्यही होते, कारण तेलाचा साठा, वाती, वेळेचा काटेकोरपणा आणि झोपेचा त्याग यांची सवय ज्यास नोकरीनेच लावली, त्याहून योग्य मनुष्य या कामास मिळणे कठीण होते. 1841 साली पीज यांची दीपगृहावरील नोकरी गेली, 1843 साली परत मिळाली आणि 1849 साली पुन्हा गेली. राईतील सेवेस मात्र अशी कोणाच्या मर्जीची अट नव्हती.

प्रारंभीच्या दशकात हे मैदान केवळ विश्वासावर चालत होते. 1845 साली मेळा वेस्टपोर्ट येथे भरविला गेला. परंतु पुढच्या वर्षी मंडळी बेटावर परतली, आणि तेव्हापासून भाडेपट्टा, हद्द आणि वहिवाट हे शब्द या धर्मकार्याच्या दफ्तरात स्थिरावू लागले. 1850 नंतरच्या काळात रविवारच्या सभांस हजारोंची दाटी होऊ लागली, आणि 1859 साली एक दुमजली कार्यालय बांधण्यात आले. ज्या छावणीचे सारे माहात्म्य तिच्या क्षणभंगुरतेत होते, जिच्यात भाविकाने आपण या पृथ्वीवर प्रवासी आहोत हे शिकावयाचे होते, तिच्यात एक कायमची इमारत उभी राहिली ती कारभाऱ्यासाठी, ही गोष्ट मोठी अर्थपूर्ण आहे. जुन्या करारात निवासमंडपाचे पडदे, फळ्या आणि मेखा वाहून नेण्याचे काम लेवी वंशातील घराण्यांकडे वाटून दिलेले आहे. परंतु त्या लेवींना मंडपाबरोबर चालावयाचे होते, या कारभाऱ्याला मात्र एकाच ठिकाणी बसून मंडप परत येण्याची वाट पाहावयाची होती.

स्थैर्य एकदा शिरले की ते आपल्या सोबत मालमत्ता आणते. 1860 नंतर कौटुंबिक तंबूंच्या जागी, त्याच चौथऱ्यांवर, तंबूच्याच आकाराची चिमुकली लाकडी घरे उठू लागली. त्यांच्या छपरांच्या कडांना करवतीने कोरलेली नाजूक नक्षी आणि दर्शनी भागी दुहेरी दरवाजे असत. अशी सुमारे 500 घरे एके काळी तेथे होती, आणि त्यांपैकी 300 हून अधिक आजही उभी आहेत. घर ज्याचे त्याचे, परंतु त्याखालील जमीन मेळा चालविणाऱ्या संस्थेची, असा करार असल्यामुळे मैदानाचा सेवक हळूहळू जमीनदाराचा प्रतिनिधी बनला, आणि जे यात्रेकरू होते ते त्याची कुळे झाले. 1866 साली शेजारी जमीन-विक्रीची एक कंपनी निघाली, आणि तिच्या हवाखाऊ ग्राहकांचा वारा भाविकांस लागू नये म्हणून संस्थेने 1867 साली आपल्या सुमारे 36 एकरांभोवती सात फूट उंचीचे कुंपण घातले. 1868 साली संस्था कायद्याने नोंदली गेली. मोठ्या सभेसाठी प्रथम कापडाचा अवाढव्य मंडप होता. त्याच्या जागी 1879 साली जॉन हॉइट यांनी लोखंडाचा मंडप उभारला, आणि दरसाल ताणण्याचे, सुकविण्याचे व शिवण्याचे काम संपून गंज खरवडण्याचे आणि रंग देण्याचे काम सुरू झाले.

हाच प्रवाह न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरील ओशन ग्रोव्ह येथे सत्तेच्या टोकास पोहोचला. 1869 साली विल्यम ऑस्बर्न, एलवुड स्टोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही वसाहत स्थापिली. हेच ऑस्बर्न पुढे मिशनरी म्हणून हिंदुस्थानात आले, आणि त्यांच्या पत्नी ल्यूसी यांनी विवाहापूर्वी वऱ्हाडातील वाशीम येथे मिशनकार्य केले होते, एवढा या कथेचा आपल्या भूमीशी संबंध आहे. ओशन ग्रोव्हच्या संस्थेला 1870 साली राज्याकडून सनद मिळाली, आणि तिच्या बळावर संस्थेने नियम करावेत, शिपाई नेमावेत, न्यायालय चालवावे, अशी व्यवस्था झाली. शनिवारी मध्यरात्री वेशीला साखळी पडे ती रविवारी मध्यरात्रीपर्यंत निघत नसे, आणि त्या काळात गावात कोणतेही वाहन चालविण्यास मज्जाव असे. घोडागाड्या जाऊन मोटारी आल्या तरी साखळी कायमच राहिली. ज्या पदाचा आरंभ दिव्यात तेल घालण्यापासून झाला, त्याच्याकडे आता दंड वसूल करण्याचा अधिकार होता.

हा अधिकार शतकाहून अधिक काळ चालला. 1979 साली, मद्यपान करून मोटार चालविल्याच्या एका साध्या फिर्यादीतून निघालेल्या खटल्यात, न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने धार्मिक संस्थेकडे शासनाची सत्ता सोपविणे घटनाबाह्य ठरविले. पोलीस आणि न्यायालय नेपच्यून नगरपालिकेकडे गेले. रविवारची साखळी इतिहासजमा झाली. या निर्णयाने वसाहतीचा आत्माच हरवेल असे भय पुष्कळांना वाटले होते. परंतु जमीन संस्थेकडेच राहिली, 1894 साली बांधलेले भव्य सभागृह राहिले, आणि तंबूही राहिले. असे 114 तंबू आजही दर उन्हाळ्यात तेथे उभारले जातात, आणि ऋतू संपताच त्यांचे कापड मागील लाकडी खोपटांत गुंडाळून ठेवले जाते. व्हिनयार्डच्या राईला 2005 साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान मिळाला; तेथेही घराच्या नक्षीत कोणता फेरफार चालेल आणि कोणता नाही, हे पाहण्याचे नवे काम जुन्या कामांत जमा झाले आहे.

राखणदाराला आपल्या सेवेसाठी सत्तेची जरूर असते, ही समजूत त्या पदाइतकीच जुनी आहे, आणि तिच्या पोटी कुंपणे, साखळ्या व न्यायासने निर्माण झाली. ओशन ग्रोव्हच्या अनुभवाने ती खोटी ठरविली. दंडाचा अधिकार गेल्यानंतरही तंबू उभारण्याची प्रथा थांबली नाही. कारण कापड वेळेवर बाहेर काढणारा, दोर तपासणारा आणि पाण्याची सोय पाहणारा मनुष्य आपल्या जागी होता, आणि त्याच्या कामाला कधीच कोणत्याही सनदेची गरज नव्हती.