ओट्याखालचा सांधा

नगराच्या जलव्यवस्थेचा इतिहास लिहिणारे लेखक तलावांची, धरणांची आणि ती बांधविणाऱ्या सत्ताधीशांची नोंद अगत्याने करतात; परंतु ते पाणी ज्या सांध्यांतून घरात शिरते, त्यांच्याकडे कोणाची नजर सहसा जात नाही. वास्तविक नळ क्वचितच फुटतो. गळतो तो दोन नळांचा जोड, आणि व्यवस्थेची खरी कसोटी तेथेच लागते.

मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीस, म्हणजे पुढच्या औरंगाबादेस, जी नहर आणली तीत भाजलेल्या मातीच्या नळ्या चुनेगच्ची बांधकामात पुरलेल्या होत्या. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजचे पाणी पुण्याच्या पेठांत आणले ते जमिनीखालच्या दगडी बांधणीच्या नळातून. मात्र काळा हौद असो की बदामी हौद, उताराने आलेले पाणी शेवटी उघड्या हौदात पडे, तेथे त्याचा जोर ओसरे, आणि तेथून ते घरी नेण्याचे काम घागरीकडे असे.

मुंबईत 1860 साली विहारचे, 1879 साली तुळशीचे आणि 1892 साली तानशाचे पाणी आले, तेव्हा ही रीत पालटली. आता पाण्याचा मार्ग घरातल्या तोटीपाशी बंद होत होता. तोटी मिटली की मागचा सारा दाब सांध्यांवर पडे. म्हणूनच 1888 च्या मुंबई म्युनिसिपल कायद्यात परवानेवाल्या प्लंबरची तरतूद झाली, आणि नळ जोडणे हा केवळ अंगमेहनतीचा उद्योग न राहता दप्तरात नोंदलेला व्यवसाय ठरला.

या व्यवसायाचे मर्म आट्यांत आहे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिराने 1841 साली 55 अंशांच्या आट्यांचे एकसूत्री माप सुचविले. त्याच परंपरेतला अर्धा इंची नळ, इंचास 14 आटे असलेला, आपल्याकडे रूढ झाला, आणि पुढे सरकारने दशमान पद्धती जारी केली तरी ओट्याखाली इंचाचाच अंमल चालू राहिला. या आट्यांवर सफेदा लावून धागा गुंडाळीत. तो आवळण्याच्या दिशेनेच गुंडाळावा लागतो, नाहीतर पाना फिरताच उलगडून बाहेर येतो. शिवाय तंतू भिजला की फुगतो आणि सुकला की आकसतो, त्यामुळे ठराविक वेळीच पाणी सुटणाऱ्या शहरांत असा सांधा दिवसातून अनेक तास कोरडा पडून सैल होई, आणि पाणी सुटताच नळीत कोंडलेल्या हवेचा धक्काही त्यालाच सोसावा लागे. 1938 साली अमेरिकेत योगायोगाने सापडलेल्या टेफ्लॉनच्या पांढऱ्या पट्टीने पुढे धाग्याची जागा घेतली. परंतु मळलेल्या, गंजलेल्या आट्यांवर तीही टिकत नाही.

स्वयंपाकघर मात्र सर्वांत उशिरा बदलले. वाड्यात आणि चाळीत मोरी जमिनीलगत होती. खाली बसून भांडी घासली जात, नळ भिंतीवर उघडा असे, आणि थेंब गळू लागला तर घरातल्या लहान मुलालाही तो दिसे. उभ्याचा ओटा आला, त्याबरोबर सिंक आले, आणि सिंकखालची जागा पडदा किंवा कपाटाचे दार लावून झाकण्यात आली. तेव्हापासून गळतीचा पत्ता लागतो तो डबे बुरसल्यावर आणि फळी फुगल्यावर; मग घाईघाईने बाहेरून लेप थापला जातो, तो चार-सहा महिने तग धरतो, आणि पुन्हा तीच तक्रार घेऊन प्लंबरच्या दारी जावे लागते.

दाब आतून आहे, तेव्हा बाहेरच्या लेपाने त्याचा कायमचा बंदोबस्त होणार नाही. म्हणून वाचकांना एवढेच सांगणे आहे की, पुढच्या खेपेस प्लंबरला सांधा पुरता उघडावयास लावा, जुना धागा व वायसर काढून आटे ब्रशने स्वच्छ करवून घ्या, आणि नवा जोड बसल्यावर तोटी मिटून खाली कोरडा कागद तासभर अंथरा. तो कोरडा निघाला, तरच मजुरी चुकती करा.