एकवीस अंकी राशीचे वांटे

बुद्धिबळाच्या पटाची जुनी कथा सर्वश्रुत आहे. पहिल्या घरांत धान्याचा एक दाणा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, असें दुप्पट करीत चौसष्ट घरें भरूं गेल्यास राजाचीं कोठारें रितीं होतात. या पटाला आणखी तीनच घरें जोडलीं, तर सर्व दाण्यांची बेरीज १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ इतकी भरते. दोनाच्या सदुसष्टाव्या घातांतून एक वजा केला कीं हीच संख्या येते. आतां प्रश्न असा कीं, दाणा न् दाणा सुटा केल्यावांचून या राशीचे सारखे वांटे पडतील काय? पडत नसतील, तर ती मूळ संख्या होय.

पॅरिसचा मठवासी पंडित मेर्सेन यानें १६४४ सालीं छापलेल्या ग्रंथांत या जातीच्या मूळ संख्यांची एक यादी दिली व तींत हिचाहि समावेश केला. सिद्धता मात्र दिली नाहीं. त्याच्या शब्दाला वजन होतें आणि तपासणीचें काम जिकिरीचें. त्यामुळें तें विधान सव्वादोनशेंहून अधिक वर्षें टिकलें.

१८७६ सालीं फ्रेंच गणिती ल्यूका यानें निराळी कसोटी लावून ही संख्या मूळ नव्हे असें दाखविलें. परंतु वांटे पडतात एवढेंच ही कसोटी सांगते; किती पडतात तें सांगत नाहीं. चोरी सिद्ध व्हावी, पण चोराचें नांव कळूं नये, त्यांतलाच हा प्रकार!

तें नांव शोधून काढलें न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल यांनीं. या संख्येचा कोणताहि भाजक १३४ च्या एखाद्या पटीहून एकानें अधिक असला पाहिजे, हें ठाऊक होतें. तरी एकेक पायरी चढत गेल्यास इष्ट भाजक १४,४५,५८० व्या पायरीवर होता. वर्गांच्या शेषांचा आधार घेऊन कोल यांनीं असंख्य पायऱ्या न चढतांच गाळल्या.

१९०३ च्या ऑक्टोबरांत अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेंत त्यांनीं उत्तर मांडलें. असें सांगतात कीं, ते मुकाट्यानें फळ्यापाशीं गेले. एकीकडे दोनाचा सदुसष्टावा घात काढून त्यांतून एक वजा केला आणि दुसरीकडे १९,३७,०७,७२१ ला ७,६१,८३,८२,५७,२८७ नें गुणलें. दोन्ही उत्तरें अंकास अंक जुळलीं. एक शब्दहि न बोलतां ते जागेवर येऊन बसले आणि सभेनें टाळ्यांचा कडकडाट केला. याला किती काळ लागला असें पुढें कोणी विचारलें, तेव्हां ‘तीन वर्षांचे रविवार’ असें त्यांनीं सांगितल्याची आख्यायिका आहे.

मेर्सेनची यादी पुरती तपासून होण्यास १९४७ साल उजाडलें, आणि तींत एकंदर पांच चुका निघाल्या. तरीहि या संख्यांना त्याचेंच नांव राहिलें. प्रश्न उपस्थित करण्याचा मान त्याचा खरा. आज गणकयंत्र हे दोन अवयव क्षणार्धांत काढून देतें. परंतु कोल यांच्या उत्तरासाठीं यंत्रावर किंवा कोणाच्या शब्दावर विसंबण्याचें कारण नाहीं. ज्यास शंका असेल त्या श्रोत्यानें कागद-पेन्सिल घेऊन बसावें. जें शोधण्यास तीन वर्षांचे रविवार लागले, तें पडताळण्यास एका रविवारची सकाळ पुष्कळ झाली.