सॅक्सोफोन कोलोसस

अमेरिकन टेनर सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स (जन्म ७ सप्टेंबर १९३०) याचा हार्ड-बॉप शैलीतील जॅझ अल्बम. प्रेस्टीज या कंपनीसाठी २२ जून १९५६ रोजी न्यू जर्सी राज्यातील हॅकनसॅक येथे तो ध्वनिमुद्रित झाला. रोलिन्ससोबत टॉमी फ्लॅनागन (पियानो), डग वॉटकिन्स (डबल बास) आणि मॅक्स रोच (ड्रम्स) हे वादक त्यात आहेत. सुमारे ४० मिनिटांच्या या अल्बममध्ये पाच रचना असून, क्षणस्फूर्त वादनातही एकसंध रचना कशी उभी राहू शकते याचा जॅझमधील एक श्रेष्ठ नमुना म्हणून तो ओळखला जातो.

चाळीसच्या दशकात चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी आदींनी घडविलेल्या बीबॉप शैलीत द्रुत लय, गुंतागुंतीचे स्वरसंवाद आणि वादकाचे तंत्रकौशल्य यांवर भर होता. पन्नासच्या दशकाच्या मध्यास आर्ट ब्लेकी, होरेस सिल्व्हर, क्लिफर्ड ब्राउन इत्यादींनी या पायावर ब्लूज आणि कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गॉस्पेल संगीत यांचा ठाशीवपणा आणला, लयीला अधिक जोरकस केले, आणि त्यातून हार्ड-बॉप शैली आकारास आली. या अल्बमच्या ध्वनिमुद्रणाच्या काळात रोलिन्स हा ब्राउन आणि रोच यांच्या पंचकाचा सदस्य होता. मुद्रणानंतर चारच दिवसांनी, २६ जून १९५६ रोजी, ब्राउन आणि त्या पंचकातील पियानोवादक रिची पॉवेल यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला.

ध्वनिमुद्रणाचे काम रूडी व्हॅन गेल्डर याने केले. दिवसा दृष्टितपासणीचा व्यवसाय करणारा हा ध्वनितंत्रज्ञ १९५९ पर्यंत आई-वडिलांच्या घरातील दिवाणखान्यातच मुद्रण करीत असे. अल्बम मोनो, म्हणजे एकाच ध्वनिमार्गावर नोंदलेला असल्याने, वाद्ये डावी-उजवीकडे विभागलेली ऐकू येत नाहीत. त्यांचे परस्परांतील अंतर आवाजाच्या तोलातून आणि खोलीतील प्रतिध्वनीतून जाणवते.

पहिली रचना ‘सेंट थॉमस’ कॅरिबियन बेटांवरील पारंपरिक धूनवर आधारलेली आहे. रोलिन्सचे मातापिता व्हर्जिन बेटांतून न्यूयॉर्कला आलेले होते आणि ही धून त्याने बालपणी आईकडून ऐकली होती. कॅलिप्सो या कॅरिबियन शैलीतील रोचच्या तालाने रचना सुरू होते. रोलिन्स आपला विस्तार अवघ्या दोन स्वरांच्या आकृतीपासून आरंभतो, ती उलटवून, लांबवून, तिच्या जागा बदलून वाढवितो, आणि रोचच्या एकल वादनानंतर ताल कॅलिप्सोतून जॅझच्या नेहमीच्या स्विंग चालीत जातो. ‘यू डोन्ट नो व्हॉट लव्ह इज’ हे विलंबित लयीतील गीत असून त्यात रोलिन्सच्या रुंद, काहीशा खरबरीत स्वराचा प्रत्यय येतो. ‘स्ट्रोड रोड’ ही त्याची स्वतःची द्रुत रचना आहे. तीत पियानो थांबवून सॅक्सोफोन आणि बास यांनाच समोरासमोर आणले आहे. ‘मोरिटाट’ हे कुर्ट वाइल याने बेर्टोल्ट ब्रेख्टच्या ‘द थ्रीपेनी ऑपेरा’ (१९२८) या नाटकासाठी संगीतबद्ध केलेले गीत असून ‘मॅक द नाइफ’ या नावाने ते अधिक परिचित आहे.

अकरा मिनिटांहून दीर्घ असलेली ‘ब्लू सेव्हन’ ही अल्बममधील सर्वांत चर्चित रचना आहे. तिचा ढाचा ब्लूजचा, म्हणजे प्रत्येकी चार मात्रांच्या १२ खंडांच्या आवर्तनाचा, असून वॉटकिन्सच्या बासवरील संथ चालीने ती उघडते. मुखड्याचे स्वर मूळ स्वरस्थान जाणूनबुजून संदिग्ध ठेवतात. संगीतकार आणि समीक्षक गुंथर शुलर याने १९५८ साली ‘द जॅझ रिव्ह्यू’ या नियतकालिकात तिचे सविस्तर विश्लेषण केले. बहुतेक वादक कॉर्डच्या, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरसमूहांच्या, क्रमावर नवनवी स्वरवाक्ये गुंफतात. रोलिन्स मात्र मुखड्यातील लहान स्वराकृतीच पुन्हा पुन्हा हाती घेऊन तिच्यातून पुढचा विस्तार काढतो, असे शुलरने दाखविले आणि या पद्धतीस विषयाधारित क्षणस्फूर्त वादन असे संबोधले. रोचचे एकल ड्रमवादनही मोजक्याच लयाकृतींवर उभारलेले असल्याचे त्याने नोंदविले. या लेखामुळे जॅझमधील उत्स्फूर्त वादनाकडे रचनाशास्त्राच्या दृष्टीने पाहण्यास मोठी चालना मिळाली.

पुढे १९५९ मध्ये रोलिन्सने जाहीर कार्यक्रम थांबविले आणि १९६१ पर्यंत न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर एकांतात रियाझ केला. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात तो मुंबईत पवई येथील स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात वेदान्त आणि योगाच्या अभ्यासासाठी राहिला होता, तर १९७८ साली मुंबईतील ‘जॅझ यात्रा’ महोत्सवात त्याने वादन केले. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१६ च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत या अल्बमचा समावेश केला.

अशा जुन्या ध्वनिमुद्रणाच्या अंकीय आवृत्तीचा विचार करताना उच्च-विभेदन (हाय-रेझोल्यूशन) ध्वनीचा प्रश्न येतो. उच्च-विभेदन ध्वनी म्हणजे नेहमीच्या कॉम्पॅक्ट डिस्कपेक्षा अधिक सूक्ष्म प्रमाणात नोंदलेला अंकीय ध्वनी. कॉम्पॅक्ट डिस्कवर ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात व प्रत्येक नमुना १६ बिटांत साठविला जातो. उच्च-विभेदन फायलीत साधारणपणे प्रत्येक नमुन्याला २४ बिट आणि दर सेकंदाला ९६,००० किंवा १,९२,००० नमुने असतात. १६ बिटांत तत्त्वतः ९६ डेसिबल, तर २४ बिटांत १४४ डेसिबल इतका मंद ते तीव्र आवाजाचा पल्ला सामावतो. १९५६ च्या चुंबकीय फितीचा पल्ला याहून बराच कमी असल्याने नुसत्या मोठ्या आकड्यांनी मूळ मुद्रणात नसलेला तपशील निर्माण होत नाही. म्हणून आवृत्तीची गुणवत्ता ठरविताना मूळ फितीची स्थिती, अंकीकरण त्या फितीवरून झाले की तिच्या नकलेवरून, आणि आवाजाची पातळी कृत्रिमरीत्या सपाट केली आहे की नाही, या बाबी अधिक निर्णायक ठरतात. काळजीपूर्वक केलेल्या आवृत्तीत रोचच्या झांजांचा विरत जाणारा नाद, वॉटकिन्सच्या बोटांचा तारेवरील आघात आणि रोलिन्सचा श्वास स्पष्ट होतो. रोलिन्सचा विस्तार लहान आकृतींच्या सूक्ष्म फेरफारांवर, स्वरांच्या वजनावर आणि मधल्या विरामांवर उभा असल्यामुळे, अशा स्पष्टतेने त्याच्या विचाराचा मागोवा घेणे अभ्यासकाला सुकर होते.