ड्रम कोर स्पर्धांतील परीक्षणपद्धतीचा विकास : दोषगणनेकडून गुणमूल्यांकनाकडे

प्रस्तावना

कलेचे मूल्यमापन आकड्यांत करता येते काय, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राचा आहे तसाच तो शिक्षणशास्त्राचाही आहे. अमेरिकेतील ड्रम कोर या कलाप्रकाराचा इतिहास या प्रश्नाच्या अभ्यासास विशेष उपयुक्त ठरतो. पितळी वाद्ये, तालवाद्ये आणि ध्वज, लाकडी रायफली व तलवारी फिरविणारा कलर गार्ड अशा तीन अंगांनी बनलेले हे पथक अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर संचलन करीत सुमारे अकरा-बारा मिनिटांचा कार्यक्रम सादर करते. मोठ्या पथकात शंभराहून अधिक तरुण-तरुणी असतात आणि त्यांच्या संपूर्ण उन्हाळ्याच्या परिश्रमाचा निर्णय शेवटी काही परीक्षकांच्या गुणपत्रिकांवर होतो. या गुणपत्रिकांचे स्वरूप कसे बदलत गेले आणि त्या बदलाने प्रत्यक्ष कलेलाच कसे वळण दिले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

सैनिकी वारसा आणि टिक पद्धत

पहिल्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांच्या अमेरिकन लीजन (स्थापना १९१९) आणि व्हेटरन्स ऑफ फॉरिन वॉर्स या संघटनांनी ड्रम आणि बिगूल पथकांच्या स्पर्धांना आश्रय दिला. साहजिकच परीक्षणाचे निकषही सैनिकी शिस्तीतून आले. रांगेची सरळता, पावलांची एकवाक्यता, वादनातील नेमकेपणा यांबरोबर गणवेशाच्या तपासणीलाही महत्त्व होते. कवायतीच्या मैदानावर चुकीचे पाऊल तात्काळ लक्षात येते. त्याच दृष्टीने परीक्षक पथकाकडे पाहत असत.

या दृष्टीतूनच 'टिक' पद्धत रूढ झाली. परीक्षक पथकाच्या जवळून फिरत आणि आढळलेल्या प्रत्येक दोषासाठी कागदावर एक खूण करीत. एक खूण म्हणजे गुणाच्या दहाव्या भागाची वजावट. कार्यक्रमाचा एकंदर परिणाम स्वतंत्रपणे विचारात घेतला जात असला, तरी वादन आणि संचलन यांच्या अचूकतेचे गुणांकन प्रामुख्याने वजाबाकीवर आधारलेले होते.

या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे तिची पारदर्शकता. गुण का गेले याचे उत्तर खुणांच्या संख्येत मिळत असे. तथापि, तिच्यात दोन मूलभूत उणिवा होत्या. पहिली, परीक्षक मैदानाच्या ज्या भागात उभा असेल तेथील चुका त्याला दिसत, अन्यत्र घडलेल्या निसटून जात. दुसरी उणीव अधिक गंभीर होती. अवघड रचना घेणाऱ्या पथकाला चुकण्याच्या संधी अधिक, सोपी रचना घेणाऱ्याला कमी. प्रत्येक अवघड स्वर आणि प्रत्येक धाडसी वळण ही संभाव्य वजावट ठरे. परिणामी सावधपणाला बक्षीस मिळण्याची शक्यता पद्धतीतच अंतर्भूत होती.

नियमांवरील हक्काचा प्रश्न

१९७० च्या सुमारास पथकांमध्ये असंतोष वाढू लागला. स्पर्धेचे नियम, परीक्षण आणि पारितोषिकाची रक्कम यांबाबतचे निर्णय पुरस्कर्त्या संघटनांच्या हाती होते. सादरीकरण करणाऱ्या पथकांना त्यात पुरेसे स्थान नव्हते. १९७१ मध्ये ब्लू स्टार्स, कॅव्हेलियर्स, मॅडिसन स्काउट्स, सांता क्लारा व्हॅनगार्ड आणि ट्रूपर्स ही पाच पथके एकत्र आली. या आणि पूर्वेकडील पथकांच्या अशाच प्रयत्नांतून ड्रम कोर इंटरनॅशनल (डीसीआय) ही संस्था उभी राहिली. तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे झाली आणि अॅनाहाइम किंग्जमेन हे पथक विजयी ठरले.

टिक पद्धत मात्र लगेच संपुष्टात आली नाही. नियमांची मालकी बदलली तरी मूल्यमापनाची मनोवृत्ती बदलण्यास आणखी एक तप जावे लागले.

१९८४ चे परिवर्तन

दरम्यान कलेचे स्वरूप पालटत होते. मैदानाच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारख्याच आकृत्या मांडण्याचा संकेत शिथिल झाला. जॉर्ज झिंगाली यांनी गारफिल्ड कॅडेट्ससाठी रचलेल्या संचलनात असममित, प्रवाही आणि वेगाने रूपांतरित होणाऱ्या आकृत्या आल्या. अशा रचनेत 'सरळ रांग' हा निकष अपुरा पडू लागला. गारफिल्ड कॅडेट्सने १९८३, १९८४ आणि १९८५ अशी सलग तीन वर्षे अजिंक्यपद मिळविले. याच काळात, १९८४ च्या हंगामापासून, डीसीआयने टिक पद्धतीचा त्याग केला.

नव्या पद्धतीत वजाबाकीची जागा उभारणीने घेतली. पथकाने किती चुका केल्या, यापेक्षा त्याने काय करण्याचे ठरविले आणि त्यातील किती साध्य केले, हा प्रश्न केंद्रस्थानी आला. चूक दुर्लक्षित झाली नाही. मात्र ती कोणत्या प्रयत्नात घडली, याचा विचार होऊ लागला.

शंभर गुणांची विभागणी

प्रचलित पद्धतीत एकूण १०० गुणांपैकी ४० गुण समग्र परिणामाला, ३० दृश्य अंगाला आणि ३० संगीताला असतात. समग्र परिणामाचे २० गुणांचे दोन विभाग असून त्यांची सरळ बेरीज होते. दृश्य अंगात संचलनाची सफाई, दृश्य विश्लेषण आणि कलर गार्ड, तर संगीतात पितळी वाद्ये, संगीत विश्लेषण आणि तालवाद्ये असे प्रत्येकी २० गुणांचे तीन विभाग येतात. त्यांची बेरीज निम्मी केली जाते. उदाहरणादाखल, दृश्य अंगाच्या तीन विभागांत १९.०, १८.८ आणि १९.२ गुण मिळाल्यास बेरीज ५७.० होते आणि पथकाच्या खात्यात २८.५ गुण जमा होतात.

प्रत्येक विभागाचे पुन्हा १० गुणांचे दोन भाग पडतात. स्थूलमानाने एक भाग रचनेचा आणि दुसरा सादरीकरणातील सिद्धीचा. सोपी रचना निर्दोष सादर करणारे पथक आणि अवघड रचनेत किंचित अडखळणारे पथक यांची तुलना त्यामुळे शक्य होते. काही परीक्षक वादक-नर्तकांच्या जवळून, तर काही प्रेक्षागाराच्या उंच भागातून निरीक्षण करतात. सादरीकरण चालू असतानाच परीक्षक आपली टिप्पणी ध्वनिमुद्रित करतो आणि ती पथकाच्या प्रशिक्षकांना दिली जाते. म्हणजेच गुणपत्रिका निकालाबरोबर मार्गदर्शनाचेही कार्य करते.

पद्धतीच्या मर्यादा

नव्या पद्धतीने जुने दोष दूर केले, तसे काही नवे प्रश्नही निर्माण केले. खुणा मोजता येत होत्या. 'परिणाम' मोजता येत नाही. शंभरापैकी चाळीस गुण अशा घटकाला असल्याने परीक्षकाच्या अभिरुचीला वाव राहतो. दुसरे असे की, अग्रगण्य पथकांचे गुण प्रमाणश्रेणीच्या वरच्या टोकाला दाटीने जमा होतात. ब्लू डेव्हिल्स पथकाने २०१४ मध्ये ९९.६५० गुण मिळविले. त्यापलीकडे भेद दाखविण्यास फारसा अवकाश उरत नाही. २००८ मध्ये फँटम रेजिमेंटने ब्लू डेव्हिल्सवर केवळ ०.०२५ गुणांनी मात केली. १९९६, १९९९ आणि २००० या वर्षी तर अजिंक्यपद दोन पथकांत विभागले गेले. गुणाच्या हजाराव्या भागापर्यंत जाणारा आकडा अचूकतेचा भास निर्माण करतो, परंतु त्यामागे मानवी निर्णयच असतो.

समारोप

ड्रम कोरच्या या इतिहासावरून असे दिसते की, परीक्षणपद्धती ही कलेबाहेरची तटस्थ मोजपट्टी नसते. जे मोजले जाते त्याचाच सराव होतो. चुका मोजल्या गेल्या तेव्हा चुका टाळण्याकडे कल राहिला. प्रयत्न आणि सिद्धी यांचे गुण मिळू लागले तेव्हा धाडसाला मोकळीक मिळाली. त्यासाठी वस्तुनिष्ठतेचा काही अंश सोडावा लागला आणि परीक्षकाच्या विवेकावर अधिक विश्वास टाकावा लागला. हा विश्वास डोळस राहावा म्हणून एकाच पथकाकडे अनेक परीक्षकांनी पाहणे, निकषांचे विभाग पाडणे आणि निर्णयामागील कारणे ध्वनिमुद्रित टिप्पणीद्वारे उघड करणे या तीन गोष्टींची तरतूद करण्यात आली. उत्तरपत्रिका असो वा कलाविष्कार, गुण देणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेच्या दृष्टीने या तिन्ही तरतुदी विचारार्ह आहेत.